तापली की बंद, निवली की सुरू: पॉइंटवाल्या जुन्या बुलेटचं उन्हाळी दुखणं

घरी खोलून, रंगवून, पुन्हा जोडलेली बुलेट सकाळी दुसऱ्या किकला सुरू होते. आठ-दहा किलोमीटर झकास चालते. मग मिसिंग सुरू होतं (इंजिन मधूनच ठोका चुकवतं), सायलेन्सरमधून दोन-चार फटाके फुटतात आणि गाडी बंद. किक मारून पोटरी भरून येते, पण काही होत नाही. निंबाखाली अर्धा-पाऊण तास उभी केली की काही घडलंच नाही अशी पुन्हा सुरू. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा हे दुखणं रोजचं होतं. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना तर हिवाळ्यातही.

बहुतेक जण अशा वेळी कार्ब्युरेटर खोलतात. तोवर गाडी निवते, जोडल्यावर सुरू होते आणि सगळ्यांना वाटतं कार्ब्युरेटरच बिघडला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हा बिघाड फक्त गरम असताना असतो, म्हणून तो गरम असतानाच शोधावा लागतो. गार गाडी मेकॅनिकपुढे उभी करून काही उपयोग नाही.

खालचं सगळं ३५० सीसी, लोखंडी ब्लॉक आणि बॅटरी-कॉइल-पॉइंटवाल्या बुलेटबद्दल आहे. पॉइंट म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणारा-तोडणारा छोटा स्विच, आणि कॉइल प्लगसाठी जोरदार झटका तयार करते. राजदूत, येझदीवाल्यांना टाकीचा भाग जसाच्या तसा लागू. त्यांनी क्रँकचं ऑइल सील मात्र वेगळं तपासावं, कारण टू-स्ट्रोकमध्ये गरम झाल्यावर सील हवा ओढू लागलं की लक्षणं बरीचशी अशीच दिसतात.

बंद पडली तिथेच, पहिल्या पाच मिनिटांत

सोबत एक जादा प्लग (गॅप ०.५ मिमी), प्लग पाना, एक रिकामी पाण्याची बाटली आणि पाण्यात भिजवता येईल असं फडकं ठेवा.

गाडी थांबली की लगेच टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. 'सुस्स' करून हवा आत ओढली गेली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं आहे. टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. झाकण उघडल्यावर मिनिटभरात गाडी सुरू झाली तर पुढचं वाचायची गरज नाही, टाकीच्या भागाकडे जा.

आवाज आला नाही तर स्पार्क बघा. इंजिनावरचा प्लग काढू नका. तापलेल्या सिलिंडरच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि शेजारी स्पार्क उडत असतो, हे धोक्याचं आहे. प्लगची टोपी काढून जादा प्लगला लावा, प्लगचं अंग हेडच्या उघड्या धातूला टेकवा (रंगवलेल्या भागाला नाही) आणि किक मारा. निळा, जाड, चटचट वाजणारा स्पार्क म्हणजे ठीक. पिवळट, बारीक, कधी येतो कधी नाही, किंवा अजिबात नाही, म्हणजे दोष विजेच्या बाजूला. उन्हात स्पार्क नीट दिसत नाही, अंगाची सावली करून बघा.

स्पार्क चांगला असेल तर पेट्रोल कॉक बंद करा, पाइप कार्ब्युरेटरकडून सोडवा, टाकीचं झाकण घट्ट लावा आणि कॉक उघडून बाटलीत पेट्रोल घ्या. मिनिटाला २०० मिली तरी यायला हवं. ३५० सीसीची बुलेट साध्या वेगाला मिनिटाला ३० मिलीच्या आसपास पिते, तेव्हा २०० म्हणजे भरपूर. धार सुरुवातीला जोरात आणि मग थेंब थेंब होत असेल तर तोच झाकणाचा किंवा कॉकच्या जाळीचा प्रश्न. पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर सांडणार नाही एवढं बघा.

तिसरं, किक हाताने हळू दाबून बघा. एरवी जिथे पायाला दणकून अडते तिथे ती मोकळी उतरत असेल, तर वीज आणि पेट्रोल दोन्ही सोडा. दोष टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा. थेट शेवटच्या भागाकडे जा.

कंडेन्सर

स्पार्क पिवळा असेल तर पहिला संशय कंडेन्सरवर. पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलमधला प्रवाह एकदम तुटायला हवा, तरच प्लगला जोरदार झटका मिळतो. तुटण्याच्या क्षणी पॉइंटांवर दोन-तीनशे व्होल्ट तयार होतात. ते पोटात घ्यायचं काम कंडेन्सरचं. त्याच्या आतलं इन्सुलेशन म्हातारं झालं की गार असताना तग धरतं आणि तापल्यावर गळायला लागतं. मग प्रवाह पॉइंटांच्या फटीत आर्क मारत राहतो, कॉइल झटका देत नाही आणि पॉइंट जळतात. बहुतेक जुन्या बुलेटमध्ये हा कंडेन्सर पॉइंटच्या डबीतच असतो, म्हणजे इंजिनाच्या अगदी अंगाला. तापतो यात नवल नाही.

तपासायची सोपी रीत: संध्याकाळी अंधारून आल्यावर, गाडी पूर्ण तापलेली असताना पॉइंटचं झाकण काढून इंजिन सुरू ठेवा आणि पॉइंटांकडे बघा. अधूनमधून बारीक ठिणगी चालते. सतत निळी-पांढरी, वेल्डिंगसारखी जळत असेल तर कंडेन्सर गेला. पॉइंटांच्या तोंडावर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकडी दिसत असेल तर तीही त्याचीच खूण.

मल्टिमीटरवर भरवसा ठेवू नका. चांगला कंडेन्सर साधारण ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरड दाखवतो, पण मीटर स्वतःच्या छोट्या बॅटरीवर मोजतो. दोन-तीनशे व्होल्टला काय होतं ते त्याला कळत नाही. तरी मोजायचंच असेल तर कंडेन्सर पातळ प्लॅस्टिक पिशवीत बांधून दहा मिनिटं कडकडीत पाण्यात ठेवा आणि लगेच मोजा. गार आणि गरम आकड्यात मोठा फरक पडला तर फेकून द्या. फरक पडला नाही म्हणून तो चांगलाच आहे असं मात्र समजू नका.

खरी परीक्षा बदलून बघण्याची. जुन्याची वायर सोडवा आणि मग दुसरा कंडेन्सर जोडा. एक टोक पॉइंटच्या वायरला, अंग अर्थला. जुना तसाच ठेवून शेजारी नवा लावला आणि जुना आतून गळका असला, तर नवा काहीच करू शकत नाही. इथेच बरेच जण फसतात आणि 'कंडेन्सर बदलला, फरक नाही' म्हणून पुढे जातात. वाटेत नड भागवायला अँबॅसॅडर किंवा प्रीमियर पद्मिनीच्या पॉइंटचा कंडेन्सर चालतो, मूल्य जवळपास तेच असतं.

कायमचा उपाय हवा असेल तर दोन गोष्टी करा. कंडेन्सर डबीबाहेर काढा आणि कॉइलजवळ, वारा लागेल अशा जागी बसवा. कॉइलचं जे टोक पॉइंटकडे जातं त्याला एक वायर, दुसरी स्वच्छ अर्थला. विजेच्या दृष्टीने तो त्याच वायरवर राहतो, फक्त आगीपासून लांब जातो. दुसरं, डबीचा कंडेन्सर सोडून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन फिल्म कपॅसिटर घ्या. नागपूर-अमरावतीला सहज मिळतो आणि स्वस्त आहे. पाय नाजूक असतात, म्हणून दोन्ही पायांना वायर झाळून, हीट श्रिंक नळी चढवून टाय-क्लिपने पक्का बांधा. ढिला राहिला तर बुलेटचं थरथरणं आठवड्यात पाय तोडतं.

आणि ज्यांचा नवा कंडेन्सर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा जातो, त्यांनी व्होल्टेज बघावं. १२ व्होल्टच्या गाडीत इंजिन रेस केल्यावर बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.४ यायला हवं. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय. तो कंडेन्सर, कॉइल, बल्ब सगळंच खाईल. चावी चालू ठेवून गाडी उभी करायची सवयही सोडा, ती कॉइल तापवते. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून सतत तीनेक अँपिअर वाहत राहतो. अमीटरची सुई डावीकडे झुकलेली दिसते, पण बघतं कोण.

पॉइंट आणि टायमिंग

कंडेन्सर बदलला की पॉइंटही साफ करा, गरज पडली तर बदला. गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, पॉइंट पूर्ण उघडलेले असताना, फिलर गेजने. पान फटीतून हलकं घासत गेलं पाहिजे. कॅमला टेकणारी पॉइंटची टाच ग्रीसशिवाय कोरडी पळाली की झिजते, गॅप कमी होते आणि टायमिंग मागे जातं, म्हणजे स्पार्क उशिरा पडतो. टायमिंग मागे गेलं की इंजिन जास्त तापतं, सायलेन्सरचा बेंड निळा पडतो. फेल्टला (टाचेला ग्रीस पुरवणारा मऊ तुकडा) ग्रीसचा ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब पुरे. जास्त घातलं तर ते वितळून पॉइंटांवर येतं आणि पुन्हा मिसिंग.

गॅप बदलली की टायमिंग बदलतं, म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. कॉम्प्रेशन स्ट्रोकवर पिस्टन टॉपच्या ०.८ मिमी आधी असताना, ऑटो ॲडव्हान्सची (वेग वाढला की स्पार्क लवकर पाडणारी) वजनं मिटलेली असताना, पॉइंट नुकते उघडायला लागले पाहिजेत. पॉइंटची वायर आणि अर्थ यांच्यामध्ये छोटा बल्ब लावून चावी चालू करा. पॉइंट उघडतात त्या क्षणी बल्ब पेटतो. ऑटो ॲडव्हान्सची वजनं वाळलेल्या ग्रीसने चिकटली असतील तर पेट्रोलने धुऊन तेलाचा एक थेंब द्या. ती अडकली की गाडी आयडलला छान आणि रस्त्यावर भट्टी.

रंगाने खाल्लेलं अर्थिंग

गाडी नव्याने जोडल्यावरच हे दुखणं सुरू झालं असेल, तर हा भाग नीट वाचा. फ्रेमला पावडर कोटिंग, इंजिनाच्या प्लेटांना रंग, कॉइलच्या पट्टीला रंग, बोल्टच्या डोक्याला रंग. दिसायला देखणी. पण वीज परत बॅटरीकडे जाते ती याच लोखंडातून, आणि रंग वीज जाऊ देत नाही. बोल्टच्या आट्यांमधून कुठेतरी जरासा धातू लागलेला असतो, तेवढ्यावर गाडी चालते. तापून धातू फुगला, थरथर वाढली की तोही हात सोडतो.

मोजायची पद्धत: मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. काळा प्रोब बॅटरीच्या अर्थ टोकावर. गाडी बंद, पॉइंट मिटलेले, चावी चालू. लाल प्रोब पॉइंटच्या प्लेटवर टेकवा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थ खराब. मग दुसरा मोजा: बॅटरीचं अर्थ नसलेलं टोक ते कॉइलचं येणारं टोक, इथे ०.५ च्या आत. जास्त येत असेल तर चावीचा स्विच किंवा जोड काळे पडलेत. ६ व्होल्टच्या गाडीत असे व्होल्ट वाटेत गळण्याचा त्रास दुप्पट होतो, कारण मुळातच व्होल्ट कमी. सर्वांत जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असू शकतो. बॅटरीचं कोणतं टोक फ्रेमला लागलंय ते बघूनच प्रोब लावा. मीटर उलटा आकडा दाखवेल, बिघडत काही नाही. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा एलईडी मात्र उलट्या टोकाला लावली तर क्षणात जाते.

उपाय साधा आहे. बॅटरीच्या अर्थ टोकापासून २.५ स्क्वेअर मिमीची एक स्वतंत्र वायर थेट इंजिनाच्या बोल्टवर, दुसरी कॉइलच्या पट्टीवर, तिसरी रेग्युलेटरच्या अंगावर. वायर आणि लग (वायरच्या टोकाला बसवायची धातूची कडी) कोणत्याही ट्रॅक्टर-इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतात. जिथे लग बसेल तिथला रंग रुपयाएवढा खरवडा, पॉलिश पेपरने चकचकीत करा, दातेरी वॉशर टाकून आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात गंज येतो. शोरूमसारखा रंग हवा असेल तर लग सीटखाली लपवा, पण खरवडायचं टाळू नका.

कॉइलचा संशय असेल तर रस्त्यावरच भिजवलेलं फडकं कॉइलवर दोन-तीन मिनिटं धरा. फक्त कॉइलवर, टोकांवर पाणी नको. स्पार्क परत आला तर कॉइल तापून आत तुटते आहे. टाकीखाली, हेडच्या डोक्यावर कॉइल लपवायची कस्टम लोकांना फार हौस. तिथून ती हलवा.

टाकी

गंजलेली टाकी साफ करून आत कोटिंग केलेलं असेल, तर झाकणाचं भोक आणि कॉकची जाळी दोन्ही कोटिंगने बुजतात. झाकण खोलून भोकात बारीक तार घाला, तोंडाने फुंकून हवा जाते का बघा. हंगामात जिनिंगच्या रस्त्यावर ये-जा असणाऱ्या गाडीत रुईचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ याच भोकात जाऊन बसते, तेव्हा पऱ्हाटी (कापूस) वेचायच्या दिवसांत हे काम महिन्याला एकदा.

कोटिंग नको असेल तर गंज काढायला सायट्रिक ॲसिड पुरेसं आहे. कॉक काढून भोक बंद करा, टाकी कोमट पाण्याने काठोकाठ भरून त्यात एक किलो सायट्रिक ॲसिड विरघळवा, रात्रभर ठेवा. सकाळी ओतून, धुऊन, १०० ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यात घालून खळखळवा. मग पुन्हा धुवा, उन्हात कोरडी करा आणि तासाभरात इंजिन ऑइल फिरवा. थांबलात तर डोळ्यांदेखत पिवळा गंज धरतो.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराचे पाइप, ओ-रिंग फुगवतं. काही जुनी कोटिंगं पापुद्र्यासारखी सुटून कॉकमध्ये येतात. पाइप आणि फ्लोटची सुई इथेनॉल चालणाऱ्या मालाची घ्या. गाडी दोन आठवड्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा राहतो.

गाडी चालताना बंद पडत नाही, पण दुपारी चहाला थांबलं की नंतर सुरू होत नाही आणि पेट्रोलचा वास येतो, असं असेल तर ते वेगळं. हेडची धग कार्ब्युरेटरमध्ये चढून पेट्रोल उकळतं. हेड आणि कार्ब्युरेटरच्या मधला काळा फायबरचा ठोकळा जोडणीत हरवला किंवा त्याच्या जागी लेथवरून ॲल्युमिनियमचा करून बसवला, तर हे होणारच. फायबरचाच लावा. तोवर अशा वेळी चोक लावू नका. चावी बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, डिकम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढून पाच-सहा किका मारा. मग चावी चालू करून ॲक्सिलरेटर न देता किक.

हौसेने वाढवलेली उष्णता

एअर बॉक्स काढून उघडा गोल फिल्टर, मागे शॉर्ट बॉटल किंवा पंजाब सायलेन्सर, आणि कार्ब्युरेटरमधलं जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) मात्र मूळचंच. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच. इंजिन कोरडं जळतं, हेड तापतं आणि कंडेन्सर-कॉइलचा जो दोष एरवी पावसाळ्यापर्यंत दबून राहिला असता तो मे महिन्यातच बाहेर पडतो. सरळ रस्त्यावर ५०-६० ला चार-पाच किलोमीटर चालवून, क्लच दाबून त्याच क्षणी चावी बंद करा आणि प्लग काढून बघा. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा तपकिरी हवा. पांढरा खडूसारखा असेल तर मेन जेट एक-दोन नंबर मोठं करा आणि पुन्हा बघा. एअर स्क्रूने हे सुटत नाही, तो फक्त आयडलजवळचा आहे. साधारण दीड आटा बाहेर ठेवा आणि विसरून जा. (पोलिसांचा दंड हा फटाक्याच्या सायलेन्सरचा वेगळा खर्च.)

हेड आणि कार्ब्युरेटरच्या जोडावर, आयडलला गाडी चालू असताना, सिरिंजने तेलाचे थेंब सोडा. आवाज बदलला तर तिथून हवा ओढली जाते. ओ-रिंग बदला.

किक मोकळी झाली तर

टॅपेट सेट करायचे ते पूर्ण गार इंजिनावर, रात्रभर उभ्या गाडीवर. उजव्या बाजूची टॅपेटची झाकणी काढा, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणा. पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरली पाहिजे आणि वर-खाली अजिबात हलता कामा नये. एक्झॉस्टची इनटेकपेक्षा किंचित मोकळी ठेवा. गरम इंजिनावर घट्ट केलेला टॅपेट पुढच्या वेळी गाडी तापली की व्हॉल्व्ह पूर्ण बसू देत नाही आणि कॉम्प्रेशन जातं.

चालता चालता कुणी ब्रेक धरल्यासारखी गाडी जड होऊन थांबली, आणि किक दगडासारखी घट्ट झाली, तर ते यातलं काहीच नाही. पिस्टन धरलाय. ताबडतोब क्लच दाबा, गाडी घरंगळू द्या आणि पूर्ण निवेपर्यंत किकला पाय लावू नका. नवीन बोर असेल तर बोरिंगवाल्याने पिस्टन हातात घेऊन मापानं काम केलंय का ते विचारा. ऑइल २० डब्ल्यू ५०, एकूण सव्वादोन लिटर. इंजिन आयडलला असताना रॉकरकडे जाणाऱ्या ऑइल पाइपचा वरचा बोल्ट थोडा सैल करून तेल येतं का बघा. येत नसेल तर पंप, फिल्टर आणि पाइप साफ होईपर्यंत गाडी गोठ्यातच उभी ठेवा.